तेरा लाखांचं कोटेशन, ४५ हजार डिस्काउंट म्हणतात. घेऊन टाकू की अजून ताणू?

स्टेपनी | ७ डिसेंबर २०२५, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवीन गाडी घ्यायचीय. सध्या २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालेत, गाडीची तशी काही तक्रार नाही पण आईचे गुडघे गेलेत. त्या बसक्या सीटवरून उठताना ती आधी दार धरते, मग माझा खांदा धरते, मग विठ्ठलाचं नाव घेते आणि तिसऱ्या झटक्याला बाहेर येते. चिंचवड ते फलटण महिन्यातून एक फेरी असतेच आमची, वाटेत चहाला थांबलो तरी हल्ली उतरत नाही, इथेच आणून दे म्हणते. म्हणून जरा उंच गाडी बघतोय, चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की धागा "ही कशाला घेता, ती घ्या" वर जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

आज रविवार म्हणून सगळे शोरूमला गेलो होतो. कोटेशन असं दिलंय: एक्स शोरूम १०,६२,०००, आरटीओ १,४१,०००, इन्शुरन्स ५८,४००, टीसीएस १०,६२०, एक्स्टेंडेड वॉरंटी १८,५००, ॲक्सेसरीज किट ३२,०००, कोटिंग १४,०००, हँडलिंग ८,५००, फास्टॅग ६००. सगळं मिळून १३,४५,६२०, त्यातून ४५ हजार डिस्काउंट (कंपनीचा २०, एक्सचेंज बोनस १५, माझ्या नोकरीमुळे कॉर्पोरेट १०) म्हणजे १३,००,६२०. वरचे ६२० सोडतो म्हणाला, फार उपकार. जुन्या गाडीचे १ लाख ६० हजार लावलेत.

सेल्सवाला पोरगा बोलायला चांगला होता. मी म्हटलं ४५ च्या वर बघा काहीतरी, तर म्हणाला सर २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला तेव्हाच एवढी पडलीय किंमत, आता अजून कुठून पाडू. तरी मॅनेजरशी बोलून येतो म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला. आता काच म्हटल्यावर आम्हाला सगळं दिसत होतं ना. मॅनेजर साहेब पोहे खात होते, ह्याने तोंडसुद्धा उघडलं नाही, दोन मिनिटं मोबाईल बघत उभा राहिला, साहेबांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, आणि हा बाहेर येऊन म्हणतो "सर खूप भांडलो तुमच्यासाठी, तीन हजाराच्या ॲक्सेसरीज वाढवून देतायत." बायकोला हसू आवरेना, ती पाणी पिते म्हणून उठून गेली.

तर विचारायचं असं की ४५ हजार हा डिस्काउंट बरा आहे का, किती मागावा? तो म्हणतो जानेवारीत किमती वाढणार, आजच टोकन टाका. घरी आई म्हणते मार्गशीर्षातच घे, पौष लागला की नको. आणि लोन त्यांच्याकडूनच घेतलं तर साडेपाच टक्क्याने ८ लाख मिळतायत, ते मला तरी स्वस्त वाटलं.

---

घाटमाथा | ७ डिसेंबर, रात्री ११:४१

मॉडेल सांगितल्याशिवाय काय कप्पाळ सांगणार? तरी माझं मत, एवढ्या पैशात थोडे अजून घालून मोठी घ्या. आमच्या भावाने घेतली, पश्चात्ताप नाही.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, सकाळी ७:०५

घाटमाथा, तुम्ही दर धाग्यावर थोडे अजून घालायला सांगता, घालणारा दुसरा असतो :)

स्टेपनी भाऊ, डिस्काउंट किती मागावा हा प्रश्नच सोडून द्या. डिस्काउंट हा शोरूमवाल्याचा आकडा आहे, तो वाटेल तेवढा दाखवू शकतो, कारण देताना एका हाताने देतो आणि बाकीच्या आठ ओळींत दुसऱ्या हाताने काढून घेतो. तुम्ही आठवी-नववीत वाणसामानाची यादी तपासायचात ना आईबरोबर, तशी एकेक ओळ घ्या. मी सकाळी चहा घेता घेता केलीय तुमची.

आरटीओ बघा. आपल्याकडे पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांत १२ टक्के. १०,६२,००० चे १२ टक्के होतात १,२७,४४०. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १५००, स्मार्ट कार्डाचे २००, वर किरकोळ सेस-बिस धरा, तरी एक लाख बत्तीसच्या फार पुढे जात नाही. मग १,४१,००० कुठून आले? ती नऊ हजाराची गोणी कुणाची तरी आहे, सरकारची नाही. त्याला एवढंच म्हणा की टॅक्सची पावती जेवढ्याची असेल तेवढेच देणार. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त पावती म्हणायचं.

हँडलिंग ८,५००, हे म्हणजे गोडाऊनमधून शोरूमपर्यंत गाडी आणली त्याचे पैसे. अहो मग हॉटेलवाल्याने किचनपासून टेबलपर्यंत मिसळ आणली त्याचे वेगळे मागितले तर आपण देऊ का? ही ओळ खोडायचीच. कोटिंग १४ हजार, खोडा. नवीन गाडीला कंपनीचा रंग असतो, वर्षभर तरी काही लागत नाही, हौस असेल तर नंतर बाहेर निम्म्यात होतं. ॲक्सेसरीज किट म्हणजे काय काय ते लिहून मागा, बहुतेक मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दाराच्या खालच्या पट्ट्या आणि एक गणपती निघेल. नाना पेठेत चक्कर टाकली की भाव कळतो. फक्त वायरिंग तोडावी लागेल असं काही बाहेर बसवू नका, उद्या इलेक्ट्रिकलचं काही झालं की वॉरंटीला त्याचंच निमित्त होतं.

टीसीएसला मात्र हात लावू नका, ते दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का कापतातच, तुमच्या पॅनवर जमा होतं आणि रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळतं होतं. ते पैसे तुमचेच. २६एएस मध्ये (इन्कम टॅक्सकडे तुमच्या नावावर जमा टॅक्सचा उतारा) दिसतायत का तेवढं बघा, नाहीतर त्यांच्याकडून सर्टिफिकेट मागून घ्या.

आणि जीएसटीचं काय सांगतोय तो? १२०० सीसीच्या आतली, चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी २८ टक्के अधिक सेसमधून १८ टक्क्यावर आली, ते सरकारने केलं, त्याच्या खिशातून दमडी गेली नाही. नवऱ्या मुलाच्या मामाने दिलेला आहेर स्वतःचा म्हणून मिरवण्यातला प्रकार आहे हा.

राहिला इन्शुरन्स, खरी मलई तिथे. तीन वर्षांचा थर्ड पार्टी नवीन गाडीला सक्तीचा आहे, १००० ते १५०० सीसीला त्याचा दर १०,६४० ठरलेला आहे, वर जीएसटी असेल तो, कुठूनही घ्या तेवढाच. खेळ सगळा उरलेल्या एका वर्षाच्या ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे वरून घ्यायच्या जादा कव्हरमध्ये. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, हेच सगळं टाकून ऑनलाईन तीन कोटेशन काढा आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तोच ठेवा, आयडीव्ही खाली करून प्रीमियम कमी दाखवायची युक्ती सगळेच करतात. ५८ चं कुठल्या कुठे येईल बघा. आणि जुन्या गाडीवर क्लेम घेतला नसेल तर तुमचा एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) किती आहे? तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो.

---

स्टेपनी | ८ डिसेंबर, सकाळी ९:३२

बाप रे. हिशेबनीस काका (काका म्हटलं तर चालेल ना?), ट्रेनमध्ये वाचतोय, दोनदा वाचलं. एनसीबी ५० टक्के आहे पॉलिसीवर, कधीच क्लेम घेतला नाही, एकदा सोसायटीच्या गेटला घासली होती ती खिशातून केली. पण ह्यांनी तर तो विषयच काढला नाही! मी सांगितलं होतं जुनी गाडी देतोय म्हणून.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, सकाळी ९:५०

काका चालेल, नातू आहे मला.

ते कशाला काढतील विषय. गाडी विकल्यावर जुन्या इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या आणि नवीन पॉलिसीला लावा. ओन डॅमेजचा भाग सरळ अर्धा होतो. तीन वर्षं चालतं ते पत्र.

---

माजी_शोरूमवाला | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

मी सहा वर्षं एका शोरूमला सेल्समध्ये होतो, आता सोडलंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. त्या पोह्यांचं वाचून लय हसलो. आम्ही पण जायचो केबिनमध्ये. साहेब विचारायचे जेवलास का.

पण दोन गोष्टी त्या पोराच्या बाजूने. गाडीवर डीलरला सुटतं ते बारीक असतं, खरं उत्पन्न इन्शुरन्स, फायनान्स, ॲक्सेसरीज आणि नंतरची सर्व्हिसिंग. पोराचा पगार तुटपुंजा आणि इन्सेंटिव्ह ह्याच सगळ्यावर, गाडी विकली पण इन्शुरन्स बाहेरून गेला की त्याला केबिनमध्ये खरोखरची बोलणी बसतात, तेव्हा मात्र पोहे नसतात. त्यामुळे त्याला खोटारडा वगैरे म्हणू नका, त्याला गिऱ्हाईक हवंय आणि तुम्हाला गाडी.

आता तुमच्या कामाचं. महिन्याचं टार्गेट स्लॅबमध्ये असतं, म्हणजे समजा चाळीस गाड्या झाल्या तर कंपनीकडून डीलरला एक रक्कम, पन्नास झाल्या तर प्रत्येक गाडीवर वाढीव. २८ तारखेला ४८ वर अडकलेला डीलर पन्नासाव्या गाडीसाठी घरचे पैसे घालतो. त्यात डिसेंबर. वर्ष बदललं की यार्डातली गाडी एका रात्रीत मागच्या वर्षीची होते, म्हणून शेवटच्या आठवड्यात मॅनेजरचा स्वभाव एकदम मवाळ होतो. ह्याउलट पाडवा, दसरा, धनत्रयोदशी ह्या दिवशी भाव करायला जाऊ नका, त्या दिवशी रांगेने हार घालून गाड्या बाहेर पडत असतात, तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. माझ्या वेळी सगळ्यात चांगले सौदे पितृपक्षात झालेत, शोरूममध्ये आम्ही आणि फक्त एसीचा आवाज. तुमच्या आईंना नको वाटतोय तो पौष म्हणूनच तुमच्या फायद्याचा आहे बघा.

जानेवारीत किमती वाढतात हे मात्र खरं, बहुतेक कंपन्या दर वर्षी जाहीर करतात. पण त्याचा अर्थ आजच टोकन टाका असा नाही, ३१ तारखेपर्यंत इनव्हॉइस झालं म्हणजे झालं.

एक करा. त्याच कंपनीचे अजून दोन डीलर गाठा, एक तुमच्याच भागातला आणि एक बाहेरचा, बारामती सातारा कुठलाही. नोंदणी तुमच्या पत्त्यावर एमएच १४ ला होतेच. पण समोर बसून "तिकडे एवढ्यात देतायत" असं तोंडी सांगू नका, रोज वीस जण सांगतात आणि आम्हाला पाठ असतं. त्यांचा कागद मोबाईलवर दाखवा. आणि बायको, आई, मुलं सगळ्यांना घेऊन रविवारी जाऊ नका. पोरगं स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवायला लागलं की आम्ही समजायचो, हे आता कुठे जात नाहीत. मंगळवार-बुधवारी दुपारी एकटे जा.

---

रिटायर्ड_बँकवाला | ८ डिसेंबर, संध्या. ६:४०

सगळे गाडीवर बोलतायत म्हणून मी लोनवर येतो, कारण साडेपाच टक्के वाचून माझा चष्मा खाली आला. आजच्या घडीला साडेपाच टक्क्याने कार लोन कोण देतंय? भाऊ, हा फ्लॅट रेट असणार. फ्लॅट म्हणजे तुम्ही हप्ते भरत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८ लाखांवर. ८ लाखांचे साडेपाच टक्क्याने पाच वर्षांचं व्याज २ लाख २० हजार, म्हणजे १० लाख २० हजार भागिले ६०, हप्ता १७,०००. आता बँकेत जाऊन विचारा की ८ लाख, पाच वर्षं, १७,००० हप्ता म्हणजे रिड्युसिंगने (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) किती टक्के? उत्तर येईल दहा. तुम्हाला सरळ ९ टक्के सांगणारी बँक महाग वाटली असती, तिचा हप्ता मात्र १६,६०७ बसतो. महिन्याला चारशे रुपयाची गोष्ट आहे, पण साठ महिने.

म्हणून टक्का विचारायचाच नाही, हप्ता किती आणि किती महिने एवढं विचारायचं, प्रोसेसिंग फी विचारायची आणि मधेच फेडलं तर दंड किती ते लेखी घ्यायचं. तुमचं पगाराचं खातं जिथे आहे तिथे आधी जा. शोरूमवाल्याला आपलं लोन मंजूर आहे हे शेवटी सांगा, आधी सांगितलंत तर डिस्काउंट आखडतो. शेवटचा हप्ता झाला की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा, लोक विसरतात आणि दहा वर्षांनी विकताना बँकेच्या पायऱ्या झिजवतात. माझ्या टेबलाशी किती जण यायचे असे.

---

द्राक्षबाग | ९ डिसेंबर, सकाळी १०:२०

नाशिकहून लिहितेय. भावाचं सगळं छान जमेल पण एक सांगते, इनव्हॉइस व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. आमचं झालेलं सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही असाच वर्षअखेरचा घसघशीत डिस्काउंट घेऊन खुशीत होतो, माझे सासरे म्हणाले मी नुसतं बघून येतो. ते आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपला होते. गेले, बॉनेट उघडलं नाही की काही नाही, आधी खाली उकिडवे बसले आणि टायर वाचायला लागले. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीन टायर एका महिन्यातले आणि डावा पुढचा सात महिने नंतरचा. मग त्यांनी पुढच्या बंपरच्या आणि फेंडरच्या फटीत नख घातलं, उजवीकडे नख जात नव्हतं, डावीकडे जात होतं. शेवटी म्हणाले मीटर दाखवा, ३१२ किमी. पोरगा म्हणतो यार्डातून यार्डात हलवताना होतात सर. सासरे म्हणाले, बाळा, यार्ड काय शिर्डीला आहे का?

दुसरी गाडी दिली त्यांनी गपचूप, एका शब्दाने वाद न घालता, त्यावरूनच काय ते कळलं.

तर टायर बघा, काचेवरची तारीख बघा, उजेडात तिरकं उभं राहून रंग बघा, स्टेपनी बघा (तुमचं नावच ते आहे), सगळी बटणं दाबून बघा. मीटर शंभरच्या आत हवं. गाडी कधी बनली ते महिन्यासकट फॉर्म २१ वर (शोरूमचा विक्रीचा दाखला) लिहिलेलं असतं, त्यांनी तोंडी सांगितलेलं नाही धरायचं. चासी नंबरचा फोटो काढा आणि इनव्हॉइसवर तोच येतोय का बघा, दाखवायची एक आणि द्यायची दुसरी असंही होतं म्हणे. आणि पूर्ण पैसे भरले, आरटीओ झालं की मग काही करता येत नाही, सगळं बघणं त्याच्या आधी.

---

घाटमाथा | ९ डिसेंबर, सकाळी ११:०२

डिसेंबरची घेऊच नये, विकताना एक वर्ष जुनी धरतात. जानेवारीत घ्या आणि थोडे...

---

हिशेबनीस | ९ डिसेंबर, सकाळी ११:३०

...अजून घाला. माहितीये.

घाटमाथांचं अर्धं बरोबर आहे. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याने विचार करावा. ह्यांनी मागची १२ वर्षं वापरलीय, ही पण तेवढीच वापरतील, तेव्हा कोण विचारतंय डिसेंबर का जानेवारी. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरला बनलेली मागा, मे-जूनपासून उन्हापावसात उभी असलेली नको.

जुन्या गाडीचं राहिलं होतं माझ्याकडून. १५ हजार एक्सचेंज बोनस मिळतो म्हणून १ लाख ६० ला गाडी देऊन टाकू नका, आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी किंमत काढा. बाहेर विकलीत तर फॉर्म २९, ३० वर सह्या करून नुसते मोकळे होऊ नका, आरसी समोरच्याच्या नावावर झालेली डोळ्यांनी बघा, नाहीतर तो सिग्नल तोडणार आणि पावती तुमच्या मोबाईलवर.

---

स्टेपनी | १६ डिसेंबर, रात्री १०:०५

मंडळी, अपडेट. बाहेर गाडी दाखवली, दोघांनी १ लाख ९० च्या आसपास आणि एकाने २ लाख ५ हजार सांगितले! १५ हजाराच्या बोनससाठी मी ४५ हजार सोडणार होतो. इन्शुरन्स ऑनलाईन एनसीबी लावून ३६,२०० निघाला, सगळे ॲड-ऑन टाकून. लोन माझ्या बँकेत ९ टक्क्याने, प्रोसेसिंग फी माफ. सातारच्या डीलरचं कोटेशन मेलवर आलंय, त्यात हँडलिंगची ओळच नाही, म्हणजे ती नसली तरी गाडी चालते तर.

चिंचवडच्या पोराला फोन केला, इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हटल्यावर लगेच "सर मग कॅशलेसला त्रास होईल" आणि "मग डिस्काउंट मिळणार नाही". काय करू? आणि मोठा प्रश्न वेगळाच आहे. शुक्रवारी अमावस्या, त्यानंतर पौष. मी आईला २९-३० तारीख म्हटलं तर ती काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली. तिच्यासाठीच गाडी घेतोय आणि तीच नाराज.

---

माजी_शोरूमवाला | १६ डिसेंबर, रात्री १०:४८

कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनीचं आणि त्या वर्कशॉपचं टायअप असतं, पॉलिसी कुणी विकली त्याचा संबंध नाही. कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का तेवढं बघा. पण बाहेरून घेतोच म्हणून अडून बसू नका, ३६,२०० चा कागद दाखवा आणि म्हणा ह्याच्या जवळपास आणा, तुमच्याकडूनच घेतो. हजार-दीड हजार वर गेले तरी द्या, पोराचं इन्सेंटिव्ह बुडत नाही आणि तो तुमच्या बाजूने केबिनमध्ये खरंच बोलेल.

---

द्राक्षबाग | १६ डिसेंबर, रात्री ११:१५

आईंचं सोपं आहे हो. परवा १८ ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे. त्या दिवशी आईंच्या हाताने टोकन द्या, पावती देव्हाऱ्यात ठेवा, गाडी मार्गशीर्षात घेतली असंच होतं ते. गाडी घरी कधी येते तो शोरूमवाल्यांचा प्रश्न. फक्त टोकन द्यायच्या आधी सगळे आकडे त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घ्या आणि टोकन परत मिळेल हे त्यावर लिहून घ्या.

---

स्टेपनी | ३० डिसेंबर, सकाळी ८:१०

काल सोमवारी गाडी आली. आता आकडे लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

एक्स शोरूम तेच १०,६२,०००. आरटीओ १,३२,३००, पावतीसकट. इन्शुरन्स ३७,९००, त्यांच्याकडूनच. टीसीएस १०,६२०. वॉरंटी १८,५०० ची १६,००० केली. फास्टॅग ६००. किट, कोटिंग, हँडलिंग खोडलं, मॅट आणि मडफ्लॅप तसेच दिले. बेरीज १२,५९,४२०. आणि डिस्काउंट किती माहितीये? कंपनीचे २० चे ३५ झाले, कॉर्पोरेट १०, एक्सचेंज गेला, म्हणजे ४५ हजारच! पहिल्या दिवशीचाच आकडा, एक रुपया वाढला नाही. हातात पडली १२,१४,४२० ला, म्हणजे ८६,२०० कमी. जुनी गाडी २ लाख २ हजाराला गेली, बघायला आल्यावर त्याने तीन हजार पाडलेच, आरसी ट्रान्सफर झाली की नाही रोज बघतोय.

१८ ला आईने टोकन दिलं, उपवास होता तिचा, शोरूमवाल्यांनी कॉफी आणली ती घेतली नाही. पण कागदावर सही होईपर्यंत पैशाचं पाकीट तिने पदराखालून काढलं नाही, मी न सांगता. २७ ला मी आणि मित्र यार्डात गेलो, मीटर ३८ किमी, टायर चारही सप्टेंबरचे, गाडी ऑक्टोबरची. हवा तो रंग मात्र मिळाला नाही. बायकोला लाल हवी होती, यार्डात लालमध्ये होती ती मे महिन्याची, ती सोडली आणि राखाडी घेतली. ८६ हजार वाचले म्हणून मी कालपासून तीनदा सांगितलं, ती म्हणते मग लाल का नाही. ह्याला कुठल्या धाग्यावर उत्तर असेल तर लिंक द्या.

आई आपली आपण चढली आणि आपली आपण उतरली. विठ्ठलाचं नाव घेतलं, पण ते नारळ फोडताना.

---

घाटमाथा | ३० डिसेंबर, सकाळी ८:२५

अभिनंदन! आता तरी मॉडेल सांगा. मायलेज किती देते?

---

माजी_शोरूमवाला | ३० डिसेंबर, सकाळी ९:४०

अभिनंदन भाऊ. चाकाखाली लिंबू ठेवलं की नाही? की मॅनेजर साहेबांनी पोह्यांवर संपवलं होतं?

---

स्टेपनी | ३० डिसेंबर, सकाळी ९:५२

ठेवली ना चार. शोरूमवाला पोरगा ताटात घेऊन आला होता, पण आईने पिशवीतून घरची काढली. म्हणाली, ह्यांची घेतली तर बिलात लावतील.